वाडा वारसा यादीत यावा यासाठी अर्ज कसा लिहावा?

वाचकाचे पत्र : आमचा सासरचा वाडा जुन्या नाशकात, तांबट लेनच्या जवळ आहे. वाडा दोन चौकांचा असून मागचा चौक निम्मा पडला आहे. तो महापालिकेच्या वारसा यादीत यावा म्हणून मी अर्जाची फाइल तयार करीत आहे. घराण्याची वंशावळ, ‘या वाड्यात पेशवे उतरले होते’ ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली हकीकत, काही मोडी कागद आणि लग्नकार्यांतले जुने फोटो मिळून फाइल बरीच जाड झाली आहे. एका परिचित वास्तुविशारदांनी ती चाळली आणि ‘यात वाडा कुठे आहे?’ एवढेच विचारले. धाकट्या दिरांचे म्हणणे असे की, यादीत नाव गेले की वाडा सरकारजमा होतो. पुढच्या सोप्यातल्या दुकानदार भाडेकरूंना वाटते की आम्ही त्यांना बाहेर काढायला निघालो आहोत. त्यातच पावसाळ्याआधी महापालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लावली आहे. अर्ज पुढे न्यावा का, आणि न्यायचा तर कसा लिहावा?
— एक निवृत्त शिक्षिका, जुने नाशिक

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

अर्ज अवश्य पुढे न्या. मात्र तुमच्या वास्तुविशारद स्नेह्यांनी विचारलेला प्रश्न मनाला लावून न घेता तोच अर्जाच्या मांडणीचा पाया करा, कारण त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांवरून तुमचे घराणे जुने आणि प्रतिष्ठित आहे हे कोणालाही पटेल. परंतु यादीत घराण्याची नोंद होत नाही, वास्तूची होते. ज्या वारसा संवर्धन समितीपुढे ही फाइल जाईल तिच्यातील सदस्यांनी तुमचा वाडा कदाचित कधी पाहिलेला नसेल. त्यांना फाइल वाचून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : आज त्या जागेवर नेमके काय उभे आहे, ते किती जुने आहे हे कशावरून म्हणता, आणि ते नाहीसे झाले तर नाशिक शहराचे काय जाईल. ज्या पानातून या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही ते पान कितीही जिव्हाळ्याचे असले तरी घरी जपून ठेवावे, फाइलमध्ये लावू नये.

लिहायला बसण्यापूर्वी अर्ज कोणत्या दारी न्यायचा हे निश्चित करा. केंद्र सरकारच्या १९५८ च्या कायद्याखालील राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे असतात; आपल्या जिल्ह्यात पांडवलेणी, सिन्नरचे गोंदेश्वर आणि त्र्यंबकेश्वराचे मंदिर ही त्याची उदाहरणे आहेत. राज्याच्या १९६० च्या कायद्याखालील संरक्षित स्मारके राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे असतात, जसे सरकारवाडा किंवा सुंदरनारायण मंदिर. तिसरी यादी नगररचनेच्या अंगाने येते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागा जपण्याचा विचार विकास आराखड्यातच करावा असे म्हटले आहे आणि २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींच्या संवर्धनाच्या तरतुदी आहेत. राहत्या, भाडेकरू असलेल्या, भोवती दाट वस्ती असलेल्या खाजगी वाड्यासाठी ही तिसरी वाट योग्य आहे. केंद्रीय संरक्षणाचा विचार तर करूच नये, कारण २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण येते. त्याचा भार तुमच्या गल्लीतील प्रत्येक घरावर पडेल आणि ज्या शेजाऱ्यांचा पाठिंबा तुम्हाला हवा आहे तेच विरोधात जातील.

इन्टॅकसारख्या वारसा जतनासाठी काम करणाऱ्या बिगरसरकारी संस्थांनी केलेल्या नोंदींना कायद्याचे संरक्षण नसते, परंतु अशा सूचीत तुमच्या वाड्याचे नाव आढळले तर पुरावा म्हणून ती नोंद जरूर जोडा. आणि सर्वांत आधी राजीव गांधी भवनातील नगररचना विभागाकडे लेखी विचारणा करा की आपली मिळकत किंवा आपली गल्ली कोणत्याही मंजूर वा प्रारूप वारसा यादीत आहे काय. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. नाव आधीच यादीत असेल तर मागणी नव्या नोंदीची न राहता दुरुस्तीची किंवा श्रेणी बदलण्याची होते आणि सगळा मजकूर त्या दृष्टीने लिहावा लागतो. त्याच भेटीत विकास आराखड्याचा भाग नकाशाही मागून घ्या आणि रस्तारुंदीकरणाची रेषा वाड्याच्या दर्शनी भागातून जाते का ते पाहा. जात असेल तर ती गोष्ट अर्जात तुम्हीच सांगितलेली बरी. सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्त्यांची कामे निघतात तेव्हा अशा रेषांना अचानक जाग येते.

श्रेणीविषयी तुम्ही ‘प्रथम श्रेणी मिळावी’ अशी मागणी केली आहे. ती काढून टाका, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईत १९९५ मध्ये देशातील पहिली वारसा नियमावली लागू झाली आणि तिच्यातली तीन श्रेणींची रचना पुढे राज्यात रूढ झाली. प्रथम श्रेणी राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या, शैली, रचना व कारागिरीत उत्कृष्ट ठरलेल्या वास्तूंसाठी असते. द्वितीय श्रेणीत प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या, विशेष वास्तुगुण असलेल्या इमारती येतात. तृतीय श्रेणीत अशा इमारती येतात ज्यांच्यामुळे एखाद्या वस्तीला तिचे रूप मिळते, ज्या एखाद्या समाजाच्या राहणीच्या प्रतिनिधी असतात, रस्त्याच्या कडेची त्यांची रांग, उंची आणि दर्शनी भागाचा सारखेपणा यांना मोल असते. तुमच्या वाड्याचे बळ मला या तिसऱ्या वर्णनात आणि काही अंशी दुसऱ्यात दिसते. तृतीय श्रेणी कमीपणाची मुळीच नाही. गल्लीचे गल्लीपण राखणारी तीच श्रेणी आहे आणि जुन्या नाशकाला आज त्याचीच सर्वाधिक गरज आहे. तुम्ही आपले निरीक्षण मांडा आणि श्रेणी ठरवणे समितीवर सोपवा.

आता मुख्य काम, म्हणजे वाड्याचे वर्णन. तुमच्या फाइलमध्ये वाड्याविषयी प्रत्यक्षात एकच वाक्य आहे : ‘आमचा वाडा अत्यंत भव्य, पुरातन व सुंदर कलाकुसरीने नटलेला आहे.’ हे वाक्य महाराष्ट्रातील कोणत्याही वाड्याला लावता येते, म्हणून ते तुमच्या वाड्याविषयी काहीच सांगत नाही. याउलट तुम्ही पत्रासोबत पाठवलेले सहा-सात फोटो मी भिंग लावून पाहिले आणि त्यांत इतके काही आहे की त्यावरच अर्ज उभा राहावा. पुढच्या चौकाच्या फोटोत लाकडी खांब घडीव दगडी तळखड्यांवर उभे दिसतात. खांबाच्या डोक्याशी हस्तांना, म्हणजे तुळईला आधार देणाऱ्या लाकडी तुकड्यांना, केळफुलाची नक्षी आहे. दोन खांबांमधल्या महिरपी लाकडाच्या असून त्यांपैकी एक तुटून तिथे साधी फळी ठोकली आहे. दिंडी दरवाजाच्या चौकटीवर गणेशपट्टी आहे आणि आतल्या बाजूला भिंतीत अडसर सरकवण्याचे भोक अजून शाबूत आहे. हे सर्व जसेच्या तसे लिहा. ‘पुढील चौकाच्या चारही बाजूंस ओसरी असून प्रत्येक बाजूस इतके खण आहेत, खांब अमुक लाकडाचे असून त्यांची जाडी इतकी आहे, पैकी इतके मूळचे आणि इतके नंतर बदललेले आहेत,’ अशा वाक्यांना सौंदर्य नसेल, पण वाचणाऱ्याला त्यांत वाडा दिसतो. रस्त्यापासून सुरुवात करा आणि माणूस जसा आत शिरतो त्या क्रमाने लिहीत जा : ओटा, दिंडी, देवडी, पहिला चौक, सोपा, माजघर, देवघर, जिना, माडी, दुसरा चौक, विहीर, परसू. बळद (धान्य साठवण्याची जागा) किंवा तळघर असेल तर त्याचेही माप घ्या. देवळ्या आणि कोनाडे मोजा. छत कडीपाटाचे (लाकडी कड्या आणि फळ्यांचे) आहे की नंतर बदललेले, भिंतीचा खालचा भाग दगडी आहे की विटांचा, हे खोलीगणिक नोंदवा.

दुसरा एक फोटो मला फार मोलाचा वाटला. रस्त्याकडच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा एका जागी सुटून खाली पडला आहे आणि आत पातळ, चपट्या भाजक्या विटा व त्यांच्या सांध्यांतला चुना स्पष्ट दिसतो आहे. तुम्ही बहुधा पडझडीची तक्रार म्हणून तो काढला असेल, पण भिंतीचे मूळ बांधकाम दाखवणारा तुमच्याकडचा हा एकमेव पुरावा आहे. त्या जागी मोजपट्टी धरून विटेची लांबी, रुंदी आणि जाडी दिसेल असा फोटो पुन्हा काढा. आणि कृपा करून त्या जागी सिमेंट लावून घेऊ नका, कारण चुन्यातल्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा लेप दिला की आतली ओल बाहेर पडत नाही. ती विटा आणि लाकडाच्या टोकांना खाते आणि थोड्या वर्षांत पुन्हा तोच पोपडा निघतो.

वयाविषयी तुम्ही ‘वाडा तीनशे वर्षांपूर्वीचा’ असे लिहिले आहे. ते कशावरून, हे कोठेही नाही. वास्तूचे वय सांगताना आधी वास्तूलाच विचारावे. तुमच्या माडीच्या छपरावर मंगलोरी कौले आहेत. मंगळूरला बासेल मिशनने पहिला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, म्हणजे आजचे छप्पर त्यानंतर केव्हातरी चढलेले आहे. आणि पेशवाई तर १८१८ मध्येच संपली होती. एखादे निसटलेले कौल उतरवून पालथे करा, त्यावर कारखान्याचे नाव आणि गावाचा ठसा असतो, त्याचा फोटो घ्या. मागच्या चौकातील छताला लोखंडी तुळया आहेत असे तुम्ही लिहिता. त्यांच्या अंगावर बनवणाऱ्या कंपनीची उठावाची अक्षरे असतील तर तीही टिपून घ्या, कारण परदेशी कंपनीचे नाव मिळाले की तो भाग कोणत्या काळाच्या आधीचा असू शकत नाही हे ठरवता येते. या शोधामुळे वाडा ‘नवा’ ठरेल, ही भीती बाळगू नका. तळमजल्याचे खांब आणि पातळ विटा जुन्या, माडी आणि छप्पर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, मागची दुरुस्ती त्यानंतरची, असे टप्पे पुराव्यासह मांडलेला अर्ज ‘तीनशे वर्षांपूर्वीचा’ या एका शब्दप्रयोगापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतो. पेशवाईतला वाडा इंग्रजी अमदानीत कसा बदलला हे एकाच इमारतीत वाचता येणे हेदेखील जतन करण्याचे कारण आहे.

कागदांच्या बाबतीत क्रम उलटा करा. वंशावळीऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) पहिल्या पानावर यायला हवी. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेबरोबर चौकशी नोंदवहीचा उताराही मागा, कारण भूमापनाच्या वेळी धारक कोण होता, हक्क कशाच्या आधारे मान्य झाला आणि इनाम वा सनद दाखवली होती काय, हे तिच्यात सापडते आणि बहुतेक अर्जदारांना तिची आठवणच राहत नाही. जुन्या घरपट्टीचे उतारे, वाटणीपत्रे, गहाणखते यांतून खण, चौक आणि चतुःसीमा यांचे उल्लेख मिळतात. त्या उल्लेखांचा आजच्या नकाशाशी मेळ घालून दाखवला की कागद वास्तूला चिकटतो. १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर शहराच्या पेठा, घाट, देवळे आणि व्यवसाय यांची माहिती देतो. त्यात तुमच्या वाड्याचे नाव बहुधा नसेल, पण तुमच्या भागाचे स्वरूप सांगण्यासाठी तो आधार उत्तम आहे. १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. पेशवेकालीन व्यवहारांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आहे, परंतु तेथे जाण्याआधी आपल्याला कोणत्या नावाचा आणि कोणत्या वर्षांतला कागद हवा आहे हे ठरवून जा, नाहीतर त्या अफाट संग्रहात दिवस निघून जातील आणि हाती काही लागणार नाही.

मोडी कागदांविषयी एक गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या फाइलमध्ये तिथेच खोट आहे. तुम्ही एका कागदाचे वर्ष ‘सन ११७८’ असे वाचून घेतले आहे आणि ते इसवी सन १७६८ धरले आहे. हे गणित फसली या महसुली सनाचे झाले, कारण फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येते. पण तुम्ही पाठवलेल्या लिप्यंतरात वर्ष ‘समान सबैन मया व अलफ’ अशा अरबी शब्दांत दिले आहे, म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार. अशी लेखनपद्धत मराठी दफ्तरांत वापरल्या जाणाऱ्या सुहूर सनाची असते. त्यात ५९९ मिळवावे लागतात, आणि वर्ष १७७७-७८ येते. ही दोन्ही वर्षे मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्यामुळे महिना पाहून एक वर्ष मागेपुढे करावे लागते. शके असेल तर ७८ मिळवायचे. एका आकड्यातला नऊ वर्षांचा फरक समितीतील एखाद्या जाणकाराच्या नजरेस आला तर बाकीच्या खऱ्या पुराव्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल. म्हणून प्रत्येक मोडी कागदाचे लिप्यंतर एका जाणकाराकडून करून घ्या, दुसऱ्याकडून तपासून घ्या, त्यांची सही घ्या आणि मूळ कागदाची छायाप्रत शेजारी लावा. मूळ कागद मात्र कोणालाही देऊ नका, महापालिकेलाही नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो कागद वाड्याविषयी आहे की केवळ घराण्याविषयी, हे पाहा. तुमचा हा कागद वतनाच्या वसुलीचा आहे. त्यावरून १७७७ मध्ये पूर्वज नाशकात होते एवढे सिद्ध होते, हा वाडा तेव्हा उभा होता हे सिद्ध होत नाही.

पेशवे उतरल्याच्या हकीकतीचे काय करायचे, हा तुमच्या मनातला खरा प्रश्न असावा. ती गाळू नका, पण तिला तिच्या जागी ठेवा. माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांचे उत्तरायुष्य गंगापूर-नाशिक परिसरात गेले, राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे वास्तव्य आनंदवल्लीला होते, सरदारांची ये-जा गोदाकाठी सततची होती. त्यामुळे अशी हकीकत अगदी अशक्य कोटीतली नाही. परंतु संभव आणि पुरावा या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘कुटुंबातील मौखिक परंपरेनुसार’ या स्वतंत्र मथळ्याखाली, कोणी कोणाकडून ऐकले ते नोंदवून, चार ओळींत ती लिहा आणि ‘यास लेखी आधार अद्याप मिळालेला नाही’ असे स्वतःच म्हणा. प्रसिद्ध व्यक्ती वा घटनेशी असलेला संबंध हा यादीचा एक मान्य निकष आहे, हे खरे. पण तो कसा सिद्ध असावा लागतो यासाठी काळाराम मंदिर पाहा. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेल्या त्या मंदिराला त्याच्या वास्तुशिल्पाइतकेच महत्त्व २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या प्रवेश सत्याग्रहामुळे आहे, आणि ते महत्त्व सरकारी कागदपत्रे, वृत्तपत्रे आणि सहभागी लोकांच्या आठवणी अशा तिन्ही बाजूंनी नोंदलेले आहे.

तुमच्या वाड्याला असा प्रसंग शोधण्याची गरज नाही. त्याचे महत्त्व मला गल्लीत दिसते. तुमच्या शेवटच्या फोटोत वाड्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीची आणखी घरे आहेत, सगळ्यांचे ओटे एका रेषेत आहेत आणि पलीकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान दिसते. कसबी कारागीर, त्यांना भांडवल पुरवणारे सावकार आणि यात्रेकरूंना उतरवून घेणारे उपाध्ये यांनी मिळून ही वस्ती घडवली. वरच्या मजल्यावर राहणे आणि खाली व्यवसाय, ही राहणी तुमच्या वाड्याच्या रचनेतच आहे. इमारतींच्या समूहातील एक घटक म्हणून असलेले मोल आणि सामाजिक-आर्थिक इतिहासाशी असलेले नाते हे दोन्ही निकष वारसा नियमांत स्पष्टपणे दिलेले आहेत. म्हणून शेजारच्या तीन-चार घरमालकांशी बोला आणि शक्य झाले तर संपूर्ण गल्लीचा परिसर म्हणून विचार व्हावा, अशी जोडमागणी करा. एकटा वाडा वाचून भोवताली सहा मजली इमारती उभ्या राहिल्या तर त्याचा अर्धा अर्थ निघून जातो.

पडलेल्या भागाविषयी लपवाछपवी नको. मागचा चौक निम्मा पडला आहे हे पहिल्याच पानावर लिहा, तो कोणत्या वर्षी पडला, काय उरले, सुटलेले लाकूड आणि दगड कोठे ठेवले आहेत हेही लिहा. तुळया आणि खांब भंगारात दिले नसतील तर ती फार जमेची बाजू आहे. प्रत्येकावर रंगाने क्रमांक घाला आणि यादी जोडा. न्हाणीघरासाठी टाकलेला सिमेंटचा स्लॅब, दुकानांची लोखंडी शटरे, वरची पत्र्याची शेड हेदेखील ‘नंतरचे बदल’ म्हणून दाखवा. समितीचे लोक जागेवर येणारच आहेत. त्यांना जे तेथे दिसणार ते आधी कागदावर वाचायला मिळाले, तर उरलेल्या मजकुरावर त्यांचा विश्वास बसतो.

नकाशांशिवाय अर्ज अपुरा राहील. तळमजला, माडी, एक उभा छेद आणि रस्त्याकडचा दर्शनी भाग एवढे मोजून काढलेले नकाशे हवेत. वास्तुकला महाविद्यालयांतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली असे मोजणीचे काम अभ्यास म्हणून करतात, त्यांच्याकडे विचारणा करा. फोटो प्रत्येक बाजूचे आणि प्रत्येक चौकाचे असावेत, त्यांवर तारीख असावी आणि कोणता फोटो कोठे उभे राहून काढला आहे ते नकाशावर क्रमांकाने दाखवावे. लग्नकार्यांतले जुने फोटो तेवढ्यासाठी पुन्हा पाहा. माणसांच्या मागे एखादी आज नसलेली महिरप, नळीची कौले किंवा जिन्याचा कठडा दिसत असेल तर तो फोटो तारखेसह जरूर लावा.

नोटिशीचा विषय यादीच्या अर्जाहून निराळा आहे आणि अधिक तातडीचा आहे. दोन्ही एकाच पत्रात घालू नका. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालील नोटीस असेल तर त्या कलमात पाडून टाकण्याबरोबरच इमारत सुरक्षित करणे आणि दुरुस्त करणे हेही पर्याय आहेत, हे बहुतेकांना ठाऊक नसते. लाकूड आणि चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या. नुसत्या काँक्रीटची सवय असलेला अभियंता अशा वाड्याला पाहताक्षणी पाडा म्हणतो. त्याच्या अहवालासह, कोणता भाग टेकू देऊन सुरक्षित करणार, किती दिवसांत करणार, हे लेखी कळवा आणि दुरुस्तीची परवानगी मागा. मात्र अभियंत्याने एखादा भाग राहण्यास अयोग्य ठरवला तर त्या भागात एक रात्रही कोणी झोपू नये, घरचेही नाही आणि भाडेकरूही नाही. ओल्या पावसाळ्यात जुन्या नाशकात वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी आपण जवळजवळ दरवर्षी वाचतो. माणसाच्या जिवापुढे कोणतीही महिरप मोठी नाही.

दिरांना सांगा की वारसा यादीत नाव गेल्याने मालकी बदलत नाही. वाडा विकता येतो, वारसांना देता येतो, भाड्याने देता येतो. बंधन येते ते पाडण्यावर आणि बदल करण्यावर : समितीचा सल्ला आणि आयुक्तांची परवानगी लागते, आणि श्रेणी जितकी वरची तितकी मोकळीक कमी. हे बंधन खरे आहे आणि पुनर्विकासातून मिळणाऱ्या पैशावर त्याचा परिणाम होतो, हे त्यांच्यापासून दडवू नका. त्याचा काही अंशी मोबदला म्हणून न वापरलेल्या बांधकाम हक्काचा टीडीआर (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा विकास हक्क) देण्याची तरतूद नियमांत आहे, ती त्यांना वास्तुविशारदांकडून आकड्यांसह समजावून द्या. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे संमतिपत्र जोडता आले तर उत्तम. नाही आले तर कोण संमत आहे आणि कोण नाही हे अर्जात सरळ लिहा. घरातला वाद हरकतीच्या सुनावणीत प्रथमच बाहेर पडला तर मागणीच कमजोर होते.

भाडेकरूंना मात्र तुम्ही स्वतः जाऊन भेटा. यादीमुळे त्यांचे भाडेहक्क जात नाहीत, हे लेखी द्या आणि त्यांच्या दुकानांची नोंद वाड्याच्या इतिहासात सन्मानाने करा. पिढ्यान्‌पिढ्या चाललेले भांड्यांचे दुकान हा त्या राहणीचा जिवंत पुरावाच आहे. त्यांच्याकडे जुन्या भाडेपावत्या असतील, आणि एखाद्या पावतीवर तुमच्या कोणत्याही कागदापेक्षा जुनी तारीख निघू शकते.

फाइल पूर्ण झाल्यावर आयुक्तांच्या नावे अर्ज करा आणि प्रती नगररचना विभागाला व वारसा संवर्धन समितीला द्या. सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचे कार्यालय आहे, तेथेही एक प्रत माहितीसाठी द्यावी. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नुसता अर्ज दिल्याने वाड्याला संरक्षण मिळत नाही, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी लेखी विचारणा करत राहा. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी ठरावीक मुदत असते आणि जाहिरात स्थानिक वृत्तपत्रात येते. त्या मुदतीत गल्लीतील रहिवासी आणि भाडेकरू यांची पाठिंब्याची पत्रे स्वतंत्रपणे, प्रत्येकाच्या सहीने दाखल होतील अशी तयारी आतापासून करून ठेवा. मोडी कागदाचे नवे लिप्यंतर आणि वाड्याच्या वर्णनाचा कच्चा मसुदा तयार झाला की मला जरूर पाठवा, मी तो ओळीने ओळ वाचून कळवीन.